पाठमोरा वॉचमन

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी मिळून मला तक्रारीचा मेल पाठवलात. मुद्द्यांना क्रमांक घातले होते, त्याबद्दल आधी शाबासकी. तक्रार अशी की आईने तुमचा बंदुकीचा गेम कपाटात कुलपात ठेवला आहे, कारण विचारलं तर "मी सांगते म्हणून" एवढंच म्हणते, आणि आता आजीने यात लक्ष घालावं. शेवटी एक ओळ होती: "आईच्या लहानपणी गेमच नव्हते, तिला काय कळणार?"

त्या ओळीसाठी मी लिहायला बसले आहे. "मी सांगते म्हणून" हे उत्तर आमच्या घरात कुणी चालवून घेत नसे, आणि तुमची आई तर अजिबात नाही. तिच्या गेमची हकिगत ती तुम्हाला आपणहून सांगणार नाही. मी सांगते. तिला आवडलं नाही तरी सांगते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही इंदापूरला राहत होतो. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा कोर्टात कारकून होते. पंचनामे, जबाब, जप्तीच्या याद्या यांच्या नकला करण्यात त्यांची हयात गेली. घरात दूध नासलं तरी ते "किती वाजता? कोणासमक्ष?" असं विचारत. तुमची आई अकरावीत होती आणि तिला कॉम्प्युटरशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या माहितीतला बरा क्लास बारामतीला होता, एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. वरच्या मजल्यावर एक खोली, आठ मशिनं, काचेचं दार. चपला बाहेर काढायच्या आणि पाय पुसून आत जायचं. आत थंडगार हवा. मशिनांना उकाडा सोसत नाही, असं क्लासचे सर सांगायचे.

क्लास शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी असे. मधल्या मुक्कामाला ती माळेगावला तात्यांकडे जायची. तात्या म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. साखर कारखान्याच्या गेटवर ते हेड वॉचमन होते. खाकी कपडे, टोपी, हातात जाडजूड वही. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, कामगार, सगळे त्यांच्या डोळ्यांखालून आत जात. तात्या आणि काकूंचं घर नसतं, तर तिचा क्लासही झाला नसता. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि तात्यांनाही.

एका रविवारी सकाळी आठ वाजता दार वाजलं. दारात तात्या आणि मागे मान खाली घालून तुमची आई. त्या वेळी ती बारामतीला क्लासमध्ये असायला हवी होती. तात्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"हिचा किलास बंद," ते म्हणाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"माणसं मारती ही. हसत हसत."

"आई, गेम आहे तो," तुमची आई म्हणाली. "सर शेवटची पंधरा मिनिटं खेळायला देतात. सगळेच खेळतात."

"वॉचमन हुता त्यो," तात्या म्हणाले. "काल हिला आनाया गेलो, तर काचंतनं बघतोय. खाकी कपडं, टोपी, ड्यूटीवर हुबा. भितीकडं तोंड करून. हिनं मागनं गोळी घातली. आन् वर म्हनती, मेला! रोज सकाळी पंचशील म्हनायचं आन् शनवारी ह्ये?"

"तात्या, मशिनमधला माणूस आहे तो," आजोबा म्हणाले.

"आसंल मशिनमधला. कपडं माझंच हायती न्हवं?"

आमच्या घरात पंचशील भिंतीवर टांगण्यापुरतं नव्हतं. आमच्या सासऱ्यांनी ते छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर समजून उमजून घेतलं होतं, आणि जीव घ्यायचा नाही हे त्यातलं पहिलंच शील. तात्या गंमत म्हणून रागावले नव्हते.

पण परीक्षेला सात आठवडे उरले होते. क्लास सुटला तर सर्टिफिकेट गेलं, आणि पुढच्या वर्षी बारावी म्हणून तिला कुणी पुन्हा पाठवलं नसतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

मी म्हटलं, "गोष्ट काय आहे त्या गेमची?"

तिने दप्तरातून एक झेरॉक्स काढली. सीडीच्या कव्हरवर इंग्रजीत छापलेली गोष्ट होती. मागे पेन्सिलीने तिने दारांचे आणि किल्ल्यांचे रंग लिहून ठेवले होते. मी चष्मा लावला आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना मराठीत वाचून दाखवली.

एक सैनिक आहे. नोकरी सोडून डोंगरात शांत राहतो. एका दुष्ट शास्त्रज्ञाने त्याच्या धाकट्या भावाला पळवलं आहे आणि एका कारखान्याच्या तळघरात कोंडलं आहे. शास्त्रज्ञ सैनिकाला चिठ्ठी पाठवतो: माझ्या कारखान्याकडे फिरकलास तर भावाचा जीव घेईन. चिठ्ठीसोबत कारखान्याचा नकाशा आहे. सैनिक बंदूक घेऊन निघतो.

"थांबा," आजोबा म्हणाले. "त्या सैनिकाला कारखाना ठाऊक होता का आधी?"

"नाही."

"मग फिरकू नको म्हणून नकाशा कशाला दिला? गप्प बसला असता तर हा डोंगरातच राहिला असता की."

तुमची आई उंबऱ्यावरून म्हणाली, "बाबा, नाहीतर गेम सुरूच होणार नाही."

मी पुढे वाचलं. लाल दाराची किल्ली निळ्या दारापलीकडच्या वॉचमनकडे. निळ्या दाराची किल्ली पिवळ्या दारापलीकडच्याकडे. भिंतीवर जागोजागी औषधाच्या पेट्या. त्यांना हात लावला की गोळीची जखम बरी होते.

तात्या इतका वेळ भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

"आन् पाळी सुटल्यावर घरी कसं जायाचं त्या वॉचमननं? किल्ली पलीकडच्याकडं, त्यो जागा सोडणार न्हाय. मंजी आडकलाच की बिचारा."

"जात नाहीत ते घरी," तुमची आई म्हणाली.

"जेवाया?"

"जेवतही नाहीत, तात्या."

"काटा कुठं हाय?"

"कसला काटा?"

"कारखाना म्हनतीस न्हवं? वजनकाटा. माल आत येतोय का न्हाय? भोंगा कोन देतंय? कामगार कुठं हायती? नुस्तं वॉचमनच? कशाची राखन करत्याती मग?"

मला हसू आलं. तुमच्या आईलाही आलं, आणि तात्यांनी ते पाहिलं.

"हसू नगा बाई," ते मला म्हणाले. घरात आणि बाहेर, सगळे मला बाईच म्हणत. "माझं उत्तर त्येच हाय. किलास बंद."

तेव्हा आजोबांनी त्यांच्या परीने मध्यस्थी केली. ऐकीव माहितीवर निकाल नको, असं ते म्हणाले. पुढच्या रविवारी सगळ्यांनी जागेवर जाऊन पंचनामा करायचा, आणि मग ठरवायचं. दुसऱ्या कुठल्या घरात हे कुणाला सुचलं नसतं. पण तात्यांनाही गेटवरच्या चोऱ्यांमुळे पंच म्हणून सह्या करायची सवय होती. ते म्हणाले, "चालंल. कागद आना."

पुढच्या रविवारी आम्ही चौघं काचेच्या दारातून आत गेलो. सर बिचारे तरुण होते. मुलीची तक्रार घेऊन घरचे आलेत म्हणून घाबरले होते. आजोबा म्हणाले, "आम्ही फक्त जागा बघायला आलोय," तर ते आणखीच घाबरले. बाकीची मुलं आपापली मशिनं सोडून मागे उभी राहिली. तुमची आई खुर्चीवर, तिच्या उजवीकडे तात्या, डावीकडे फुलस्केप कागद घेऊन आजोबा. मी मागे.

आजोबांनी लिहायला सुरुवात केली. आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर ठिकाणी एक लांब बोळ असून बोळाच्या उत्तरेस...

"उत्तर कुठली?" त्यांनी विचारलं.

"बाबा, इथे उत्तर नसते."

"उत्तर नसते? मग मयताचं डोकं कुठल्या दिशेला लिहायचं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सर म्हणाले, "काका, वर म्हणजे उत्तर धरा." आजोबांनी तसं कंसात लिहिलं.

पहिला वॉचमन दिसला. भिंतीकडे तोंड करून उभा. तात्या पुढे वाकले.

"ह्यो ऐकत न्हाय का? एवढी पावलं वाजत्याती."

"पाठमोरा असला की ऐकत नाही," तुमची आई म्हणाली. "शेजारच्या खोलीत बंदूक वाजली तरी ऐकत नाही."

"आमच्या हितं गाडीची खीळ पडली तरी झोपेतला मानूस उठतोय."

"तसंच बनवलंय त्यांना."

तिने बंदूक वापरली नाही. त्याच्या मागून निघून गेली. दुसरा वॉचमन पाण्याच्या पिंपापाशी उभा होता, तोही पाठमोरा. त्याच्याही मागून गेली. आजोबा लिहीत होते: औषधाची पेटी भिंतीस टांगलेली, चालू स्थितीत. मला प्रश्न पडला की तुमच्या आईने सांगितल्याप्रमाणे मागच्या शनिवारी गोळी लागून पडलेला वॉचमन त्या पेटीच्या खाली दोन फुटांवर होता, तर त्याने हात का लावला नाही. मी तो मोठ्याने विचारला. सर म्हणाले, "मॅडम, पेटी फक्त हिरोला चालते."

"का?"

सर वाकून पेटीकडे बघायला लागले.

मग पिवळं दार आलं. दारासमोर तिसरा वॉचमन, तोंड भिंतीकडे, कमरेला पिवळी किल्ली. तुमच्या आईने हात थांबवला.

"आता?" तात्यांनी विचारलं.

"किल्ली त्याच्याकडे आहे. मागून घेता येत नाही. मारल्यावरच पडते."

"मागून बघ की. तोंडानं माग. भावा, किल्ली दे म्हनावं."

"बोलायचं बटण नाही, तात्या."

"गोळीचं हाय आन् बोलायचं न्हाय?"

पडद्यावरचा वॉचमन आपला श्वास घेत खांदे वरखाली करत उभा होता. तेवढं मात्र गेम बनवणाऱ्यांनी फार काळजीने केलं होतं.

तात्यांनी हळू आवाजात विचारलं, "शेवटाला भाऊ सापडतोय का?"

मला वाटतं ती इथे खोटं बोलू शकली असती. ती बोलली नाही. "सापडतो," ती म्हणाली. "पण त्याला कुणी पळवलेलंच नसतं. शास्त्रज्ञ तोच असतो. चिठ्ठी त्यानेच लिहिलेली असते, सैनिकाला बोलावून घ्यायला."

"बोलवाया? मग ही माणसं मदी का हुबी केली?"

"ते सांगितलेलं नाही."

"मंजी ही समदी फुकट मेली."

"हो."

"ह्याचा काय गुन्हा?" त्यांनी पडद्यावरच्या पाठीकडे बोट दाखवलं. "लिव, बाबासाहेबांच्या ग्रंथातलं नगं, तुझ्या कोर्टाच्या कागदावर लिव. ह्याचा गुन्हा काय?"

आजोबांनी कागदावर लिहिलं: गुन्हा दिसून आला नाही. दोघांनी खाली सह्या केल्या. तात्यांची सही गेटच्या वहीतल्यासारखी, ठसठशीत.

मग तात्या उठले. "झालं तर. मशीन बंद कर, पोरी. आजपास्नं किलास न्हाय."

आता माझं ऐका. मी त्या घरातली धाकटी सून होते. थोरल्या दिरापुढे, तेही आठ मशिनांसमोर आणि क्लासच्या सगळ्या पोरांसमोर, आवाज काढायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी काढला. आजही तसाच काढीन.

मी म्हटलं, "तात्या, तुमचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. ही गोष्ट लिहिणाऱ्याला त्याचं उत्तर देता आलेलं नाही, आणि मी इंग्रजीची बाई म्हणून सांगते, माझ्या वर्गात कुणी अशी गोष्ट लिहिली असती तर मी वही परत केली असती. पण तुमचा निकाल चूक आहे."

"चूक कसा?"

"चिठ्ठी आली म्हणून वॉचमन मारला, ही जशी त्या सैनिकाची उडी, तशीच ही तुमची. पडद्यावर वॉचमन पडला, म्हणून आपल्या घरातली मुलगी शिकायची थांबली. मधली पायरी कुठे आहे? मला दाखवा. दाखवलीत तर मी आत्ता क्लासमधून तिचं नाव कमी करते."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ते खरोखर शोधत होते. फसवायचा माणूस नव्हता तो.

"मदली पायरी मला न्हाय दावता येत, बाई," ते म्हणाले. "पर माझ्या घरातनं उठून पोरगी हितं येनार न्हाय. माझ्या जिवाला पटत न्हाय."

"बरं. तुमच्या घरातून नाही येणार."

"मग कुठनं?"

"इंदापूरहून. माझ्याबरोबर."

मुलांनो, तुम्हीही तुमच्या आईकडे मधली पायरी मागा. आवाज न चढवता मागा, आणि तिने दाखवली तर गुमान मान्य करा. ती दाखवू शकेल. त्या दिवशी खुर्चीवर तीच बसली होती.

त्यानंतरचे सहा आठवडे मी आणि ती शनिवारी बारामतीला जाऊन परत आलो आणि रविवारी पुन्हा जाऊन परत आलो. माझी शनिवारची शाळा सकाळची. शाळा सुटली की तशीच साडी, तीच पर्स, वह्यांचा गठ्ठा पिशवीत, आणि स्टँड. निमगाव केतकी, लासुर्णे, पुढे बारामती. उन्हाळ्यात एस.टी.चा पत्रा असा तापायचा की खिडकीला हात लावता येत नसे. क्लासमध्ये मी मागच्या बाकावर बसून वह्या तपासायची. सासरच्या नात्यात माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला कळत होतं. कुणीतरी म्हणालं, बाईंनी दिराला पोरांसमोर उत्तर दिलं. दिलंच होतं.

आणि ती गेम खेळायची थांबली, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. शेवटची पंधरा मिनिटं ती खेळायची. मी थांबवलं नाही. फक्त पाठमोरा वॉचमन दिसला की ती त्याला सोडून पुढे जायची, आणि पिवळ्या दाराशी आली की खेळ बंद करून उठायची. समोरून गोळ्या झाडत येणाऱ्याला मात्र ती सोडत नसे. मी तिला कधी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तात्यांचं म्हणाल तर त्यांनी आपला शब्द पाळला. पण चौथ्या शनिवारी आम्ही जिना उतरलो तर ते खाली मोपेड घेऊन उभे. हातात काकूंनी दिलेला डबा. पिठलं आणि बाजरीच्या भाकरी होत्या.

"वर या की," तुमची आई म्हणाली.

"न्हाय. वर न्हाय येत मी." मग डबा तिच्या हातात देत, "त्यो हाय का आजून तितंच?"

"आहे, तात्या."

"जेवला न्हाय म्हना की." एवढं बोलून त्यांनी किक मारली आणि गेले. पुढच्या शनिवारीही आले, त्याच्या पुढच्याही. जिन्याची पहिली पायरी त्यांनी कधी चढली नाही. मला तो माणूस तेव्हाही आवडत होता. मी हरले नाही आणि तेही हरले नाहीत, असं मी आजही म्हणते.

आता एक गोष्ट राहिली, जी मी ठरवून केलेली नव्हती. मी दर शनिवार-रविवार त्या एस.टी.त दिसायला लागले, आणि लोक विचारायला लागले. निमगाव केतकीच्या एका आईने खिडकीतूनच विचारलं, "बाई, कुठं जाता हो एवढ्या उन्हाचं?" मी सांगितलं. तिने विचारलं, "तुमी तितं बसून आसता व्हय?" मी म्हटलं, बसून असते. पुढच्या रविवारी तिची मुलगी बसमध्ये चढली. नंतर लासुर्ण्याच्या दोघी. एका मुलीचे वडील म्हणाले, "बाई बसत्यात न्हवं, मग काय हरकत न्हाय." परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी वह्यांवरून मान वर केली तर मशिनांपुढे सात वेण्या होत्या. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, रविवारी सकाळी फक्त मुलींचीच बॅच ठेवली तर? तुम्ही यायच्या थांबणार नसाल तर." तुमच्या आईची परीक्षा झाली, ती पास झाली, पुढे पुण्याला गेली, आणि मी पुढची चार वर्षं रविवारी बारामतीला जात राहिले. माझी मुलगी तिथे नसताना.

तात्या गेले. काकू गेल्या. आजोबांनी लिहिलेला पंचनामा घर बदलताना कुठे गहाळ झाला, मी खूप शोधला. ती इमारत पाडून तिथे कापडाचं दुकान झालं, आणि तो गेम आता कुठल्याच मशीनवर चालत नाही, असं तुमची आई म्हणते.

रविवारची मुलींची बॅच मात्र बारामतीत दुसऱ्या जागी, दुसऱ्या बाईंच्या हाताखाली, अजून सुरू आहे. मी मागच्या महिन्यात जाऊन पाहून आले.